पोटरीतली पावलं

४ फेब्रुवारी

आज माझ्या घराला माझं कुलूप लागलं. चाळिशी उलटल्यावर हे वाक्य लिहायला मिळालं, म्हणून ते दोनदा वाचून पाहिलं. बरं दिसतंय.

दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दोन कुंड्या ठेवल्या की संपेल एवढी गॅलरी. दुसरा मजला, लिफ्ट नाही. वर अजून एक मजला आहे, मग गच्ची. घरमालक फोनवरच काय ते बोलले, किल्ली त्यांनी खाली वॉचमनकडे ठेवली होती. वॉचमन साठीचा, गप्पिष्ट. सामान वर चढवताना त्याने माझी सगळी कुंडली विचारून घेतली. एकट्याच का, माहेर कुठे, नोकरी कसली. मी कवळ्या बनवते, दातांच्या लॅबमध्ये लागलेय, असं सांगितल्यावर त्याने पटकन तोंड मिटलं. सगळे तेच करतात. माझ्याशी बोलताना माणसं आपले दात लपवतात.

समोरच्या दारात एक नवरा-बायको राहतात. दोघं जिना उतरत होते, माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं आणि गेले. ओळख होईल हळूहळू.

दोन्ही भावांच्या घरात मी मधल्या खोलीत झोपायचे. मधली खोली म्हणजे रस्ताच. वहिनी पाणी प्यायला जाणार माझ्या उशाशेजारून, भाचे बाथरूमला जाणार माझ्या पायांवरून. एकदा धाकट्याने माझ्या पोटावर पाय दिला आणि वर मलाच म्हणाला, आत्या, जरा बघून झोपत जा ना! आता झोपेन पलंगाच्या मधोमध, हातपाय पसरून.

ताईला फोन केला. ती म्हणाली, दाराला आतून कडी नीट लाव, आणि करमलं नाही तर सरळ निघून ये, कोणी काही म्हणणार नाही. न करमायला काय झालंय मला!

१० फेब्रुवारी

लॅब छोटी, पण उजेड चांगला. आम्ही चौघं. प्रत्येकाच्या टेबलावर एक दिवा, मेण वितळवायची चिमणी आणि पेशंटच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे. साहेब मितभाषी म्हणावेत तर तेही कमीच पडेल. आज माझी पहिली कवळी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली, दिव्याखाली धरली आणि 'हं' म्हणाले. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, हे 'हं' मिळायला मला वर्ष लागलं होतं. 

संध्याकाळी घरी आले. चहा केला, गॅलरीत उभी राहून प्यायला. कोणी म्हटलं नाही की मलाही टाक घोटभर. कप धुऊन ठेवला. तो सकाळपर्यंत तिथेच राहिला, जसा ठेवला तसा. याचंसुद्धा अप्रूप वाटतंय अजून.

१६ फेब्रुवारी

पडले. पडदे लावायला खुर्चीवर चढले होते, खुर्ची सरकली. डावा पाय अंगाखाली आला आणि आतून सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. फरशीवर पडल्या पडल्या खूप हाका मारल्या. समोरच्यांचं दार बंदच. शेवटी दूधवाल्याने ऐकलं आणि वॉचमनला बोलावलं.

गुडघ्याखाली, नडगीचं हाड सुरू होतं तिथे तडा गेलाय. डॉक्टर म्हणाले नशीब समजा, हाड जागेवर आहे, ऑपरेशन नको. पण मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांचा ब्रेस, गुडघा वाकवायचा नाही, आणि मुख्य म्हणजे पाय जमिनीला टेकवायचा नाही. अजिबात नाही. दीडदोन महिने.

मोठा भाऊ म्हणाला गाडी घेऊन येतो, घरी चल. मी नाही म्हटलं. एकदा गेले की मधल्या खोलीतून पुन्हा बाहेर पडायची नाही मी, माझं मला माहीत आहे. ताईच्या सुनेचं बाळंतपण दिवसांवर आलंय, ताई येऊ शकत नाही. रडत होती फोनवर. मीच तिची समजूत घातली.

२० फेब्रुवारी

व्यवस्था लागली. डबेवाल्या काकू दुपारी डबा देतात, तेवढ्यात केर काढतात. त्यांच्याकडे एक किल्ली दिलीय. साहेबांनी काम घरी पाठवलं. मेण, दातांची पाकिटं, साचे, प्लास्टरची पावडर भरलेला पत्र्याचा डबा. पलंगावर मांडीवर फळी घेऊन बसते आणि दात लावते. वॉकर धरून एका पायावर उड्या मारत बाथरूमपर्यंत जाता येतं. चिमणीसारखी. दोन उड्यांत धाप लागते.

आज फिजिओबाई येऊन गेल्या. तरुण आहेत, भरभर बोलतात. पाय असा पडून राहिला की पोटरी झिजते म्हणाल्या, शिवाय रक्त साकळायची भीती. म्हणून एक मशीन दिलंय. साबणाच्या डबीएवढं, दोन वायरी, चार चिकट पॅड. ब्रेसच्या मधल्या पट्ट्या सैल करून पॅड पोटरीवर चिकटवायचे, बटण फिरवून करंट हळूहळू वाढवायचा. आधी मुंग्या येतात. मग पोटरी आपोआप आवळते, मूठ मिटावी तशी. पाऊल टोकाला ताणलं जातं, जसं फळीवरचं काही काढायला आपण टाचा उचलतो. मग सैल. पुन्हा आवळते. आपण काही करायचं नाही, नुसतं बघायचं. पोटरीला वाटतं आपण चालतोय, असं त्या म्हणाल्या. मला हसू आलं. बिचारीला फसवायचंच की मग.

दुपारी लावा म्हणाल्या, जेवण झाल्यावर. रोज.

२३ फेब्रुवारी

वरच्या घरात कोणीतरी राहतं! मला वाटत होतं रिकामं आहे.

दुपारी मशीन लावून पडले होते. इमारतीत त्या वेळी चिटपाखरू नसतं. समोरचे कामावर, खालची मुलं शाळेत. आणि वर पाऊल वाजलं. धप. मग थोडी शांतता, मग काहीतरी फरफटल्यासारखं, मग पुन्हा धप. एकच पाय जोरात पडतो, दुसरा ओढला जातो. म्हणजे लंगडतंय कोणी. माझ्यासारखंच!

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दिवसभरात काकूंशी बोलणं म्हणजे 'आलात का' आणि 'येते हं'. बाकी सगळा वेळ मी आणि हे प्लास्टरचे जबडे. आज वरच्या बाईंची सोबत झाली. बाईच असणार, पाऊल हलकं आहे.

२८ फेब्रुवारी

वरच्या बाई अगदी नेमाच्या. माझं जेवण, माझं मशीन, त्यांचं चालणं. बहुतेक त्यांनाही डॉक्टरने चालायला सांगितलं असावं. खिडकीपासून भिंतीपर्यंत जातात, वळतात. वळताना जरा थांबतात. मी मनातल्या मनात म्हणते, दमलात का, बसा जरा. आज मोठ्यानेच म्हणाले.

ताईची सून बाळंत झाली. मुलगी. फोनवर मागे एवढा गलका होता की ताईचं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. फोन ठेवल्यावर घर फारच शांत वाटलं. मशीन काढून ठेवलं होतं, ते पुन्हा लावलं. म्हटलं पोटरीला तेवढाच जास्त व्यायाम. आणि काय गंमत, वरच्या बाईही पुन्हा चालायला लागल्या.

४ मार्च

वॉचमन दूध द्यायला वर आला होता. वरच्या बाईंची चौकशी केली, त्यांना माझा निरोप सांगा म्हटलं, पाय बरा झाला की भेटायला येईन. तो माझ्याकडे बघतच राहिला. वरचं घर रिकामं आहे म्हणाला. मालक परदेशात, किल्ली याच्याकडे, कैक दिवसांत कोणी दार उघडलेलं नाही.

तो गेल्यावर मशीन लावलं आणि नीट लक्ष देऊन ऐकलं.

पोटरी आवळली, वर धप. सैल झाली, फरफट. आवळली, धप. मी बटण बंद केलं. पाऊल अर्ध्यात थांबलं, उचललेलं तसंच. म्हणजे मला तसं वाटलं. बटण सुरू केलं. धप.

६ मार्च

सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. वॉचमनला म्हटलं, किल्ली घेऊन वर जाऊन उभे राहा, फोन चालू ठेवा. तो कुरकुरला, पण गेला. दार उघडल्याचा आवाज फोनवरही आला आणि छतावरूनही.

काय दिसतंय, मी विचारलं.

"धूळ दिसतेय बाई, दुसरं काय दिसणार? माझ्याच चपलांचे ठसे पडतायत."

मी मशीन लावलं. करंट वाढवला. धप. फरफट. धप. अगदी डोक्यावर.

"ऐकलंत?" मी म्हटलं.

"ऐकलं की. बाई, तुम्हाला डॉक्टरने पाय टेकू नका सांगितलंय ना? मग चालताय कशाला?"

"मी पलंगावर आहे."

"असं कसं? खाली चालतंय ना कोणीतरी, तुमच्याच खोलीत. माझ्या तळपायाला कळतंय इथं फरशीवर."

मी बटण बंद केलं. मग धावत खाली आला. मी पलंगावर, पाय ब्रेसमध्ये, वॉकर पार भिंतीपाशी. त्याने बाथरूममध्ये पाहिलं, कपाट उघडलं, गॅलरीत डोकावला. मग हसला. म्हणाला, बांधकाम पोकळ आहे, आवाज कुठून कुठे फिरतो काही सांगता येत नाही. पण हसताना त्याने दात लपवले नाहीत. विसरला.

७ मार्च

आज वॉचमनने दूध उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

११ मार्च

फिजिओबाई आल्या. ब्रेस उघडला, पोटरीभोवती टेप धरली आणि खूश झाल्या. म्हणाल्या, इतकी चांगली पोटरी मी पाहिलीच नाही, जराही झिजली नाही. मग चांगल्या पायाची मोजली. पुन्हा मोजली. हा बारीक झालाय म्हणाल्या. उलटं असायला हवं होतं.

मग त्यांनी डाव्या पायाचा तळवा पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. गुडघा वाकत नाही, त्यामुळे मला माझा तळवा दिसत नाही. मी विचारलं काय झालं. त्या ओलं फडकं घेऊन आल्या आणि टाच पुसायला लागल्या. फडकं काळंकुट्ट. टाचेला भेगा पडल्यात, अंगठ्याखाली घट्टा आलाय. अनवाणी खूप चालणाऱ्यांचा असतो तसा.

मला फैलावर घेतलं. मी शपथेवर सांगितलं की पाय टेकवलेला नाही. त्या म्हणाल्या, मॅडम, माझ्याशी खोटं बोलून पाय तुमचाच जाणार आहे. हाड सरकलं तर ऑपरेशन, आणि मग नीट चालाल याची मी हमी देणार नाही.

जाताना म्हणाल्या, मशीन मात्र चालू ठेवा.

१२ मार्च

मशीन बंद. वायरी गुंडाळून खणात ठेवल्या.

ताईला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, गोळ्यांनी होतं असं कधी कधी, माझ्या सासूबाईंना भिंतीवर माकडं दिसायची. मागे बाळ रडायला लागलं. थांब हं, करते परत, म्हणाली. केला नाही. करायचं राहून गेलं असेल. घरात तान्हं आहे.

१५ मार्च

वर काही आवाज नाही.

खाली काही आवाज नाही. शेजारी काही आवाज नाही. समोरच्यांच्या कुलपात सकाळी किल्ली फिरते आणि संध्याकाळी फिरते. मधल्या वेळात जगात कोणी नाही. आज काकूंनी डबा स्वयंपाकघरात ठेवला आणि मी बाथरूममध्ये असतानाच गेल्या. म्हणजे आजच्या दिवसात मी कोणाशीच बोलले नाही. एका जबड्याला शुभ प्रभात म्हटलं, ते सोडून. त्याचे पुढचे दात अजून बसवायचे आहेत, बिचारा काय बोलणार.

एकटं राहायचं होतं ना तुला? राहा.

मोठ्या भावाला फोन केला. वहिनीने उचलला. ते जेवतायत म्हणाली. सगळे जेवतायत. ताटांचे, भांड्यांचे, भाच्यांच्या भांडणाचे आवाज येत होते. मला फोन ठेववेना. बरं मग, म्हणाली ती. बरं मग, म्हटलं मी.

१६ मार्च

मशीन लावलं.

कोणी जबरदस्ती केली नव्हती. मीच खण उघडला, मीच पॅड चिकटवले. म्हटलं होतं थोडाच वेळ. पोटरी आवळली आणि वर धप झालं आणि मला हायसं वाटलं. खरं तेच लिहितेय. डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी होतं.

करंट वाढवला. ती भरभर चालायला लागली. खिडकीपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत. मग दारापाशी वळली नाही.

दार उघडल्याचा आवाज झाला नाही. पण त्यापुढचं पाऊल जिन्यात वाजलं.

१७ मार्च

मशीन वॉचमनला देऊन टाकलं. उंबऱ्यातूनच. म्हटलं तुमच्या केबिनमध्ये ठेवा, मी मागितलं तरी देऊ नका. त्याने ते रुमालात धरून नेलं.

दुपारी जेवण झालं. मी फळी मांडीवर घेतली. आणि पोटरी आवळली.

पॅड नाहीत, वायर नाही. ब्रेसच्या पट्टीखाली कातडी वर आली, थांबली, खाली गेली. तिला आता मशीन लागत नाही. जिन्यात धप. एक पायरी. मी दोन्ही हातांनी पोटरी दाबून धरली. हातांखाली ती आवळतच राहिली, शांतपणे, घाई न करता. पुढची पायरी.

२० मार्च

माझ्या मजल्यावर आलीय. समोरच्यांच्या दारापाशी उभी राहते, माझ्या दारापाशी उभी राहते. कुलूप लावलेलं आहे. काकूंना म्हटलं, जाताना बाहेरून नीट बघा. काकू म्हणाल्या, कोणी नाही हो, तुम्ही जरा झोपा.

फिजिओबाईंचा फोन लागत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात सांगितलं, तपासणीच्या तारखेला या.

२२ मार्च

काल दुपारी पाय इतका जोरात उडाला की फळी कलंडली आणि प्लास्टरचा डबा फरशीवर सांडला. पांढरी पावडर खोलीभर. झाडायला उठता येईना. तशीच झोप लागली असावी. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं.

पावडरीत पावलं आहेत.

डाव्याच पायाची. पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. पाच बोटं स्पष्ट, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. माझी तशीच आहे. लहानपणी ताई चिडवायची त्यावरून.

जातानाची आहेत. येतानाची नाहीत.

२३ मार्च

स्वयंपाकघरात आहे. भांडी लावते. मी लावते तशीच, मोठं खाली, लहान वर. 'कोण आहे?' म्हणून मी ओरडले. भांडी थांबली. मग पुन्हा सुरू झाली. घाबरून नाही थांबली. ऐकून थांबली, जसं आपण बाहेर काही वाजलं तर थांबतो —

काकूंनी पावडर झाडली. कुरकुरल्या नाहीत. पावलांबद्दल बोलल्या नाहीत.

२५ मार्च

उजवा पाय. चांगला पाय. सकाळपासून हलत नाही. सुईने टोचून पाहिलं. रक्त येत नाही. दुखत नाही.

आता आतून दोन्ही पावलं वाजतात. फरफट नाही. सरळ चालते.

स्वयंपाकघराच्या पडद्याखालून टाच दिसली. भेगा पडलेली. लगेच आत गेली.

२६ मार्च

साहेबांचा फोन. आज तुम्हाला टेबलावर पाहून बरं वाटलं, म्हणाले. एवढं बोललेच नव्हते ते कधी. पायाला जपा, पण आलात ते छान केलंत, काम फार सफाईचं झालंय.

मी आले नव्हते, मी म्हटलं. साहेब, मी घरात आहे, ती मी नव्हे —

हॅलो, म्हणाले. हॅलो? आवाज येत नाहीये. ठेवला.

२७ मार्च

बाहेरून कुलूप लावून गेली. किल्ली फिरल्याचं ऐकलं. खिडकीशी सरपटत गेले. हातांवर. पाय मागून आले, पोत्यासारखे.

खाली वॉचमन. उठून उभा राहिला. वा बाई, म्हणाला, चालायला लागलात की! झालं बरं एकदाचं. आणि ती हसली. माझं हसणं. माझ्यापेक्षा मोठं.

चेहरा दिसला नाही. पाठ दिसली. माझा निळा कुडता.

हाका मारल्या. वॉचमनने वर पाहिलं. रिकाम्या घराच्या खिडकीकडे पाहिलं, तिसऱ्या मजल्यावरच्या. मग माझ्या खिडकीकडे. दोन्हीकडे सारखंच पाहिलं.

२९ मार्च

फोनला माझं बोट कळत नाही. काचेवरून फिरवते, काही होत नाही. ताईचे तीन फोन वाजले. चौथा आतून उचलला. फोन माझ्या हातात होता, आणि बोलणं आतून —

हो गं ताई. खूप बरी आहे. करमतंय तर. तूच ये की चार दिवस. बाळाला सून बघेल.

ताई हसली. ऐकू आलं मला. तू एकटी राहायला लागलीस आणि बदललीसच, म्हणाली. किती मोकळं बोलतेस.

तारीख

माहीत नाही. डबा आतच जातो. काकू आत बसतात, चहा पितात, बोलतात. समोरच्यांची बायकोसुद्धा आली होती आज. इतके दिवस कशी ओळख नाही झाली आपली, म्हणत होती.

भूक लागत नाही. हात अजून आहेत. पेन धरता येतं, पण फिकं उमटतं. दाबून लिहिते

दुपार

ताई आली

जिन्यातच ओळखला तिचा आवाज. धाप लागली होती तिला. दोघी हसत आल्या. दार उघडलं. ताई, अगं जाड झालीयस. केस पांढरे किती. मी हाक मारली. मारली. तोंड उघडतंय, हवा पण —

ती खोलीत आली. सगळीकडे पाहिलं. किती छान ठेवलंयस गं घर, म्हणाली. पलंगाकडे पाहिलं. माझ्याकडे. सरळ माझ्याकडे

आणि पिशवी ठेवली. माझ्या पायांवर. जड लागली नाही

ताई इथे. अगं इथे. करंगळी बघ माझी. ताई

आतून तिने विचारलं, चहा की आधी पडतेस जरा. ताई म्हणाली पडते, थकलेय. पण चादर किती चुरगळलीय गं ही, कोणी झोपलं होतं का. नाही, म्हणाली ती, कोणी नाही. झटकून घे

ताईने पिशवी खाली ठेवली. चादरीची दोन्ही टोकं धरली आहेत तिने. ताई मी आहे तिच्यावर ताई नको झट